बांधाच्या पलीकडचं पाणी

खारी गाव, भाईंदर (पूर्व)
१२ एप्रिल

चि. क्षितिजा,

तुझं पाकीट आलं. तुझ्या कंपनीच्या अंधेरी ऑफिसातल्या ममताबाईंनी माणसाबरोबर घरपोच पाठवलं. अक्षर ओळखलं आणि मी तसाच ओट्यावर बसलो. चंपाआत्या सुकट निवडत होती. म्हणाली, "काय रं बबन, सरकारी नोटीस आली का? त्वांड असं का केलंस?"

मी म्हटलं, "पोरीचं पत्र."

"मंग हस की! का पत्र वाचून हसायचं ते पन पुस्तकात बघून हसशील?"

दोन वर्षं झाली. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला, पंगतीत सगळ्यांसमोर, मी तुझ्या नोकरीला नद्या गढूळ करायची नोकरी म्हणालो, आणि तू ताटावरून उठलीस. त्यानंतर हे पहिलं अक्षर. त्यात तू ख्यालीखुशाली विचारली नाहीस. त्याचा मला राग नाही. तू त्याहून मोठी गोष्ट विचारलीस. मला येतं असं काहीतरी तू मला विचारलंस.

आधी मला नीट समजलंय ना, ते बघ. तिकडे परदेशात नदीकाठची वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात. धुऊन उरलेलं लाल पाणी नदीत जाऊ द्यायचं नाही. ते मातीच्या बांधाच्या तळ्यात थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी परत वाळू धुवायला घ्यायचं. हे सगळं तुझ्या अंगावर. तू शिकलीस पाणी तपासायला, मातीकाम कुणी शिकवलं नाही. पाऊस तोंडावर आलाय, मालक डोंगराचं पाणी बाजूने काढायला चर खणू देत नाही, आणि तू विचारतेस, "मिठागरावर पावसात बांध कसे टिकवायचात, बाबा?"

अगं, हे म्हणजे आपलंच काम झालं! खाडीचं पाणी पहिल्या कुंडीत घ्यायचं, गाळ बसवायचा, वरचं निवळ पाणी पुढच्या कुंडीत सोडायचं. तुला शेवटी सोनं मिळतं, आम्हाला मीठ मिळायचं, एवढाच फरक. तीस वर्षं मी मुकादमी केली ती पाणी निवळण्याचीच.

तर ऐक. पावसाच्या आधी आगर रिकामं ठेवायचं नाही. आम्ही उघाडीच्या, बांधातल्या त्या दाराच्या, फळ्या काढून भरतीचं पाणी आत घ्यायचो आणि आगर काठोकाठ भरून टाकायचो. रिकाम्या आगराचा बांध उन्हात तडकतो आणि पहिल्या जोरदार सरीला भेगांतून सुटतो. भरलेल्या आगराचा बांध ओला राहतो, जड राहतो. पाण्याला पाण्याचाच टेका मिळतो. माझ्या मुकादमीत एक बांध गेला नाही. तेव्हा तू तळं भरून घे. तुझ्या मालकाला खर्चही नाही.

तू पाठवलेला फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलाय. तू बांधावर उभी, डोक्याला टोपी, पुढे लाल तळं आणि मागे बांधापलीकडे दुसरं तळं चमकतंय. दोन्हीकडे पाणी, मधे बांध, बांधावर माणूस. मला आपलं आगरच दिसलं. दुपारी पाणी असं चमकायचं की तू लहान असताना डोळ्यांवर फ्रॉक ओढून घ्यायचीस. आठवतं? मी तुला बांधावरून चालवत कविता म्हणून घ्यायचो, पाऊल आणि ओळ एकदम टाकायची. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता तू बांधावरच पाठ केल्यास. आता तिथे तीस मजली टॉवर झालेत. पण मी डोळे मिटले की अजून पायाखाली चिखल लागतो.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. विचारत मात्र राहा.

तुझे,
बाबा

२७ एप्रिल

क्षितिजा,

पहिलं हे वाच. तळं भरू नकोस. भरलं असशील तर आत येणारं पाणी या क्षणी बंद कर.

मी चुकीचं लिहिलं. आगरातला नियम तुझ्या तळ्याला लागू नाही. मला हे आज दुपारी कळलं.

तुझा वाढदिवस येतोय म्हणून फोटो मोठा करून घ्यायला जितेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. त्याने तो कॉम्प्युटरवर लावला. म्हणाला, "अंकल, फेस शार्प करतो. पीछे का ब्लर करू? ये झोपडा-बिपडा अच्छा नहीं लगता."

मी म्हटलं, "झोपडा कुठला? ते तळं आहे."

"तालाब? अंकल, चश्मा बदलो." आणि त्याने बोटाने फोटो मोठा, अजून मोठा केला.

पत्रे होते. बांधापलीकडे जे चमकतंय ते पाणी नाही गं. पत्र्याची छपरं आहेत, एकाला एक लागून. एका छपरावर कपडे वाळत घातलेत. एका दारात कुणीतरी बसलंय. आणि ती छपरं तुझ्या पायांच्या खूप खाली आहेत. तू डोंगराच्या उतारावर उभी आहेस आणि गाव तळाशी आहे.

आपल्या आगरात बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी असायचं. एकाने ढकललं की दुसरं धरायचं. बांध कमरेएवढा. फुटला तरी या कुंडीतलं पाणी त्या कुंडीत, माणसाच्या पोटरीला लागायचं फक्त. तुझ्या बांधाच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. तिथे भरलेलं तळं म्हणजे बांधावर टेकलेला डोंगर. वर पावसाचं पाणी मावायला जागा रिकामी हवी. हे मला ठाऊक आहे, कुणालाही ठाऊक असेल. पण मला फोटोत आगर बघायचं होतं, म्हणून मी आगर बघितलं.

जितेशच्या फोनवरून तुला मेसेज केलाय, माझा नंबर तू बंद केलायस म्हणून. एकच बरोबरची खूण दिसते. जितेश म्हणतो, "अंकल, नेटवर्क आलं की डबल होईल, टेन्शन मत लो." मी तास-दोन तास त्याच्या स्टुलावर बसून त्या खुणेकडे बघत होतो. शेवटी त्याने चहा मागवला, गिऱ्हाइकांना सांगितलं, "बुजुर्ग है, बैठने दो."

ममताबाईंना फोन केला. माझं आधीचं पत्र ऑफिसच्या टपालाच्या मागच्याच थैलीतून गेलं. पंधरवड्याची थैली म्हणजे ते तुला मिळालेलं असणार. हे पत्र पुढच्या थैलीत जाईल. मी विचारलं, "आधीचं परत बोलावता येईल का?" त्या म्हणाल्या, "काका, ते पोचलं आता."

तू कुणाचंही ऐकत नाहीस, हीच तर माझी तक्रार होती कायम. या वेळीही ऐकू नकोस. एवढंच मागतो.

बाबा

२ मे

क्षितिजा,

हे पत्र कुठल्या थैलीत जाईल, तुला कधी मिळेल, काही माहीत नाही. लिहितोय कारण हात रिकामे ठेवता येत नाहीत.

आज अंधेरीला गेलो होतो. चंपाआत्या हट्टाने बरोबर आली. "तू एकला गेलास तर रस्त्यात ढग बघत बसशील," म्हणाली. ढग आहेतही. इकडे उन्हाचे पांढरे, पाण्याविना. मला प्रत्येक ढग तिकडचा वाटतो.

ममताबाई तुझ्याच वयाच्या आहेत. चांगल्या आहेत, पण दमलेल्या. म्हणाल्या, "काका, साइटचा फोन फक्त ऑफिसच्या कामासाठी. सॅटेलाइटचा आहे, मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो मला."

मी म्हटलं, "बाई, खाली गाव आहे."

"ते तिथले लोक बघतील ना. इंजिनियर आहेत तिकडे."

"कोण इंजिनियर? माझी मुलगीच आहे. आणि तिला मीच चुकीचं सांगितलंय."

तेवढ्यात आत्या पुढे झाली. तिला ऑफिस, साहेब, काही नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "पोरी, तुज्या घरात म्हातारा बाप हाय का?"

"आहे."

"तो असा रडत तुज्यापुढं उभा ऱ्हायला तर तू त्याला मिनटं मोजून दाखवशील का गो?"

मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं.

ममताबाईंनी दरवाजा लोटला आणि फोन लावला. तू नव्हतीस. मॅनेजर बोलला, हिंदी-इंग्रजीत, मोठ्याने, मलाही ऐकू येत होतं. मॅडम तळ्यावर आहेत म्हणाला. दोन्ही पंप रात्रंदिवस चालू आहेत, नदीचं पाणी वर घेतोय, तळं जवळजवळ भरलं. मालक खूश आहेत. चर खणायचा खर्च वाचला. मॅडमनी इंडियातल्या एका एक्सपर्टचं लेखी मत आणलंय, बांधांचा तीस वर्षांचा अनुभव.

ममताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"पंप बंद करायला सांगा," मी म्हटलं. त्यांनी सांगितलं. मॅनेजर हसला. म्हणाला, ऑफिसच्या बाईने पंपात लक्ष घालू नये. मग आवाज गेला.

परतताना घोडबंदरच्या वळणाशी बस थांबली तेव्हा खाडी दिसली, ओहोटीची. चिखल उघडा पडला होता. मला त्या चिखलाची सवय आहे, लहानपणापासूनची. आज बघवेना.

क्षितिजा, तू माझं ऐकलंस. दोन वर्षांत एक शब्द नाही, आणि माझी एक ओळ हातात पडल्याबरोबर तू रात्रंदिवस पंप चालवलेस. हे मला सहन होत नाही. तू ते पत्र फाडून टाकलं असतंस तर मी सुखाने मेलो असतो.

बाबा

४ मे

क्षितिजा,

आपलं बोलणं झालं. तरी लिहितो, कारण फोनवर जे बोलायचं होतं त्यातलं फारच थोडं बोललो, आणि तू तेवढ्यात काय ऐकलंस तेही कळलं नाही. आवाज जायला यायला इतका वेळ लागत होता की आपण एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतो.

ममताबाईंनी सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडून तुला मिळवलं. तू पहिलं विचारलंस, "बाबा, तुम्हाला काय झालंय?" तुला वाटलं मी आजारी आहे. तुझा आवाज इतका घाबरलेला मी तुझ्या आईच्या वेळीही ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "मला काही नाही. बांधाखाली गाव आहे."

"हो, तुंबेला नावाचं. आहे ना."

"मला ते पाणी वाटलं."

मला वाटलं फोन तुटला.

"फोटोत पत्रे चमकत होते. मी पाणी समजलो. दोन्हीकडे पाणी समजून तुला भरायला सांगितलं."

मग तू म्हणालीस, "तळं भरलंय, बाबा. परवाच भरलं." आणि लगेच, "वर डोंगरावर पाऊस सुरू झालाय कालपासून. मी बांध फोडून टाकू का एका कोपऱ्याला?"

"नको! मातीचा बांध फोडलास की पाणी स्वतः तो रुंद करत जातं. वरून पाइप टाक. पाइप पाण्याने भरून दोन्ही तोंडं दाबून धर, एक तळ्यात, दुसरं गावाच्या उलट्या बाजूच्या ओढ्यात, आणि मग सोड. पंप उलटे लाव. जेवढे असतील तेवढे."

"गाळ नदीत जाईल मग. लाल पाणी. मला तेच तर थांबवायचं होतं."

"जाऊ दे. नदी निवळते. आधी गाव हलव."

"मालक हलवू देणार नाही. गाव हलवलं म्हणजे बांध कच्चा आहे हे कबूल केल्यासारखं."

"त्याला विचारू नकोस."

"आणि गाव मला विचारेल. बाबा, गेल्या आठवड्यात मीच घरोघर जाऊन सांगून आलेय की आता घाबरायचं काही नाही. त्यांनी मला शेंगा उकडून दिल्या."

मी म्हटलं, "सांग, माझ्या बापाने चूक केली."

तू म्हणालीस, "ते मी सांगणार नाही." आणि फोन गेला. तू ठेवलास की तुटला?

त्यानंतर ममताबाई पुन्हापुन्हा नंबर फिरवत होत्या आणि मी खिडकीत उभा होतो. खाली रस्त्यावर एक बाई पाण्याचा टँकर अडवून भांडत होती. तिला पाणी हवं होतं. मी तिच्याकडे बघत राहिलो.

तू का सांगणार नाहीस? मला वाचवायला? मला वाचवून काय होणार? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कवितांच्या चाली लक्षात ठेवणारा. सगळ्यांना सांग. मॅनेजरच्या त्या एक्सपर्टचं नाव सांग. आणि तू टेकडीवर राहा. रात्री बांधावर जाऊ नकोस. मी तुला बांधावर चालायला शिकवलं, आता उतर म्हणतोय.

बाबा

११ मे

क्षितिजा,

आज सकाळी जितेश दुकान तसंच उघडं टाकून धावत आला. दारातूनच ओरडला, "अंकल, डबल टिक! और रिप्लाय भी!" आत्याने त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला फोन माझ्या हातात दिला.

तू लिहिलंस: "बांध गेला, पहाटे. तोपर्यंत तळं अर्ध्याखाली आलं होतं. गाव तीन दिवस शाळेच्या टेकडीवर होतं. घरं गेली. एक म्हातारे आजोबा कोंबड्या सोडायला कुणाला न सांगता खाली उतरले होते. ते सापडले आज. बाकी सगळे आहेत. मी आहे."

"मी आहे" हे दोन शब्द मी पुन्हापुन्हा वाचले. त्यांच्या वरची ओळ वाचायचं टाळून. किती वेळ टाळणार?

आत्याला सगळं वाचून दाखवलं. तिने कपाळाला हात लावला, म्हणाली, "देव पावला, पोर वाचली." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "म्हातारा तिथं मरायचाच व्हता, बबन. त्याचं दिवस भरलं व्हतं." ती माझ्यासाठी बोलली. मी तिला म्हटलं, आत्ता नको. ती उठून आत गेली आणि खूप वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच.

दुपारी ममताबाईंचा फोन. कंपनी म्हणते अतिवृष्टी. तुझं परतीचं तिकीट काढलं होतं, तू नको म्हणालीस. गावाच्या विहिरीत गाळ भरलाय आणि तू तिथल्या बायकांबरोबर तो उपसतेस असं कळलं. पगार बंद केलाय म्हणे. मी तुला ये म्हणणार नाही. मला तू इथे, या ओट्यावर, माझ्या डोळ्यांसमोर हवी आहेस, पण ये म्हणणार नाही. विहीर पुरी होऊ दे.

गाळ उपसताना एक कर, वरची बायकांची साखळी आणि तळातली माणसं दर थोड्या वेळाने बदल. तळात हवा कोंदते. दिवा खाली सोडून बघ आधी, विझला तर उतरायचं नाही. हे लिहिलं आणि वाटलं, कुठल्या तोंडाने मी हे सांगतोय? म्हणून तू हे तिथल्या कुणा विहीर खणणाऱ्याला विचार. तो म्हणेल तेच कर. माझं आणि त्याचं जुळलं नाही तर त्याचंच कर.

माझ्या चुकीचं तू गावाला सांगितलं नाहीस, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. सांगितलं असतंस तर त्यांनी तुला विहिरीवर उभं केलं नसतं, किंवा केलं असतं, मी त्या लोकांना ओळखत नाही. पण मला तुझ्या मागे लपायचं नाही. सोबत एक वेगळा कागद जोडतोय. त्यात मी कोण, मी काय सल्ला दिला, तो का चुकला, हे सोप्या हिंदीत लिहिलंय. ममताबाईंनी त्याचं इंग्रजी करून दिलंय आणि करताना एकदाही वर बघितलं नाही. गावात वाचू शकेल अशा माणसाला तो दे. तू दिला नाहीस तर मी पुन्हा पाठवीन, दर थैलीतून पाठवीन, तू थकेपर्यंत.

आता एकच विचारतो. या वेळी मी विचारतोय.

ते आजोबा. मला त्यांचं काहीच माहीत नाही. माझ्याहून मोठे होते की लहान? कोंबड्या सुटल्या का? सकाळपासून मी त्यांना "तो म्हातारा" म्हणतोय मनात आणि प्रत्येक वेळी शरमतो. इथे या घरात त्यांचं नाव घेणारा एक माणूस असायला हवा, आणि तो मी असायला हवा.

त्यांचं नाव कळव. देवनागरीत लिही, आणि कसं म्हणतात तेही लिही, कुठल्या अक्षरावर जोर देतात ते. मला ते चुकीचं म्हणायचं नाही.

बाबा